घरच्या राउटरचं पान उघडताना दरवेळी लाल इशारा: कधी पुढे जायचं, कधी हात मागे घ्यायचा

वाय-फायचा पासवर्ड बदलायचा असतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की राउटरच्या पानाऐवजी लाल त्रिकोण समोर येतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’. शेजारचा कोणी सांगतो, ‘ॲडव्हान्स्ड दाब, खाली प्रोसीड येतंय बघ.’ दाबलं की पान उघडतं, काम होतं. महिन्याभराने पुन्हा तोच त्रिकोण. बेळगावात काय आणि खानापूर-निपाणीकडच्या गावांत काय, घरोघरी फायबर आल्यापासून हा प्रश्न कानावर येतोच: ‘अण्णा, वाय-फाय हॅक झालंय काय बघ की.’

बहुतेक वेळा हॅक झालेलं नसतं. पण ‘काही नसतंय, दाब पुढं’ हे उत्तर मला पटत नाही. कारण ते ऐकून जी सवय लागते, तीच उद्या बँकेच्या पानावर वापरली जाते, आणि तिथे तोच इशारा अगदी खरा असू शकतो. दोन्हीकडे चित्र एकच दिसतं. फरक असतो पत्त्यात.

म्हणून पहिलं काम पत्त्याची पट्टी वाचायची. तिथला आकडा १९२.१६८ ने किंवा ‘१० आणि लगेच टिंब’ असा सुरू होत असेल, किंवा १७२.१६ ते १७२.३१ या पट्ट्यातला असेल, तर तुम्ही घराच्या आतल्याच कुठल्यातरी उपकरणाशी बोलताय. हे तीन पट्टे १९९० च्या दशकापासून खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले आहेत. पट्टीत यांच्याऐवजी एखाद्या वेबसाइटचं नाव असेल, तर हा लेख तिथे लावू नका. त्याचं वेगळं सांगतो, पुढे.

आकडा आतला आहे म्हणजे तो तुमच्याच राउटरचा, असंही नाही. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करा; ‘डिफॉल्ट गेटवे’समोर येतो तो तुमच्या राउटरचा पत्ता. आयफोनवर वाय-फायच्या नावाशेजारच्या ‘आय’वर टिचकी मारली की ‘राउटर’ अशी ओळ दिसते. अँड्रॉइडमध्ये वाय-फायच्या नावापुढच्या चाकात शिरलं की बहुतेक फोनांत ‘गेटवे’ सापडतो. जिओफायबरच्या डब्याला १९२.१६८.२९.१ असतो, शाओमीला १९२.१६८.३१.१, टीपी-लिंक, डी-लिंक आणि टेंडाला बरेचदा १९२.१६८.०.१. पण ऐकीव आकड्यावर जाण्यापेक्षा गेटवे बघून घेतलेला बरा. मी इथे आकडे मराठीत लिहिलेत, ब्राउझरमध्ये मात्र इंग्रजी अंकच टाका. फोनचा कीबोर्ड मराठी किंवा कन्नडवर राहिला असेल तर आधी बदला.

टाइप करताना आणखी एक घोळ हमखास होतो. एकच्या जागी इंग्रजी एल अक्षर पडतं, किंवा पुढे उगाच डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लागतं, आणि ब्राउझर तो पत्ता न मानता गूगलवर शोधायला जातो. मग ‘राउटर लॉगिन’ अशा नावाची रांगच्या रांग समोर येते. त्यातलं एकही पान तुमच्या राउटरचं नाही, कारण तुमचा राउटर इंटरनेटवर नाही, तुमच्या दिवाणखान्यात आहे. असल्या पानांवर कस्टमर केअरचे नंबर छापलेले असतात. त्या नंबरांवर फोन करू नका, एवढंच सांगतो.

आता इशारा येतो का, ते बघू. ब्राउझरला कुठल्याही सुरक्षित पानाकडून प्रमाणपत्र लागतं, आणि ते ओळखीच्या संस्थेने दिलेलं असावं लागतं. राउटर काय करतो, तर स्वतःच्या हाताने स्वतःचा रहिवासी दाखला लिहून दाखवतो. नाव, पत्ता, मुदत सगळं आहे, पण नाडकचेरीचा, म्हणजे सरकारी कार्यालयाचा, शिक्का नाही. ब्राउझर म्हणतो, मजकूर खरा असेल, पण मी कुणाच्या भरवशावर मानू?

बरं, राउटर कंपनीने शिक्का घ्यायचा म्हटला तरी मिळत नाही. १९२.१६८.१.१ हा पत्ता टिळकवाडीतल्या घरातही आहे, संकेश्वरातही आहे आणि जगभरात कोट्यवधी घरांत आहे. तो एकाचा नाहीच, तर तो अमक्याचा म्हणून दाखला कोण देणार? पूर्वी काही संस्था अशी प्रमाणपत्रं देतही होत्या. मग प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या सामायिक मंचाने नियम केला आणि १ नोव्हेंबर २०१५ नंतर खासगी पत्त्यांसाठीची असली प्रमाणपत्रं बंद झाली. २०२५ पासून लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था आयपी पत्त्यालाही फुकट प्रमाणपत्र देऊ लागली आहे खरी, पण फक्त सार्वजनिक पत्त्याला. घरातल्या आकड्याला नाही. तेव्हा हा इशारा कायमचा घालवायचा उपाय विचाराल, तर साध्या घरगुती राउटरला तो जवळपास नाहीच. ज्यांच्याकडे स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवर नोंदवलेलं नाव, आहे आणि ओपनडब्ल्यूआरटीसारखी प्रणाली राउटरवर चढवायची हौस आहे, त्यांना जमतं. बाकीच्यांनी त्या वाटेला जाऊ नये, राउटरही जायचा आणि रविवारही.

गंमत अशी की लोक लाल त्रिकोणाला घाबरतात आणि पत्त्याशेजारच्या राखाडी ‘नॉट सिक्युअर’कडे बघतही नाहीत. लाल त्रिकोणाच्या पलीकडचं पान एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर, असतं. ओळख पटलेली नसली तरी तुम्ही टाकलेला पासवर्ड कूटबद्ध होऊन जातो. राखाडी शिक्क्याचं पान साध्या एचटीटीपीवर असतं, तिथे पासवर्ड उघडा जातो. क्रोम २०१८ च्या जुलैपासून, म्हणजे ६८ व्या आवृत्तीपासून, प्रत्येक एचटीटीपी पानाला हा शिक्का मारतो. घरात तुमचीच चार माणसं असतील तर फार बिघडत नाही. पण वरच्या मजल्यावर कॉलेजची पोरं भाड्याने ठेवलीत आणि वाय-फाय एकच आहे, असं असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये एचटीटीपीएसचा पर्याय असल्यास तो चालू करा. लाल त्रिकोण दिसेल, दिसू दे.

त्रिकोणाखाली बारीक अक्षरात एक कोड असतो. निदानासाठी तोच महत्त्वाचा. आपल्याकडे फोन कधी इंग्रजीत, कधी मराठीत, कधी दुकानदाराने कन्नडमध्येच सेट करून दिलेला असतो. वरचा मजकूर भाषेप्रमाणे बदलतो, कोड मात्र इंग्रजीच राहतो. आजीला कन्नड वाचता येत नसेल तरी कोडचा फोटो पाठवता येतो.

क्रोममध्ये कोडच्या शेवटी ‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ असेल, तर तो वर सांगितलेला बिनशिक्क्याचा दाखला. फायरफॉक्स त्यालाच ‘अननोन इश्युअर’ किंवा ‘सेल्फ साइन्ड सर्ट’ म्हणतो. गेटवेचा आकडा जुळत असेल आणि घरच्याच वाय-फायवर असाल, तर क्रोममध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ आणि ‘प्रोसीड’, फायरफॉक्समध्ये ‘ॲक्सेप्ट द रिस्क अँड कंटिन्यू’, आयफोनवर ‘शो डिटेल्स’ आणि मग ‘व्हिजिट धिस वेबसाइट’. ‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ असेल तर दाखल्यावर एक नाव आणि तुम्ही टाकलाय दुसराच पत्ता. राउटरच्या बाबतीत हेही नेहमीचंच. दाखल्यावर कंपनीचं कुठलंतरी नाव असतं, तुम्ही आकडा टाकलेला असतो.

‘डेट इनव्हॅलिड’ आला तर जरा थांबून घड्याळ बघा. प्रथम स्वतःच्या कॉम्प्युटरचं. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की लाईट गेल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते, आणि मग एका राउटरवर नाही, प्रत्येक साइटवर त्रिकोण यायला लागतो. पेपरवाल्या दुकानातसुद्धा मिळणारा सेल बदलला की प्रश्न मिटतो. कॉम्प्युटरची तारीख बरोबर असेल तर घोळ राउटरच्या बाजूला. बहुतेक राउटरांत घड्याळ चालू ठेवणारी बॅटरीच नसते. लाईट येऊन राउटर चालू झाला की तो १९७० किंवा फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) बनलं त्या तारखेपासून मोजायला लागतो, आणि इंटरनेट मिळाल्यावर खरी वेळ विचारून घेतो. काही मॉडेलं चालू होताना दर वेळी नवा दाखला बनवतात. त्या क्षणी फायबरची लाईन तुटलेली असेल तर दाखल्यावर जुनीच तारीख पडते, आणि ब्राउझरच्या दृष्टीने तो केव्हाच मुदतबाह्य. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीच्या बाजूला लाईटही जाते आणि झाड पडून केबलही तुटते, तेव्हा हे जोडीनेच होतं. उपाय सोपा: लाईन सुरू होऊ द्या, राउटर एकदा बंद-चालू करा, आणि सेटिंगमध्ये टाइम झोन भारताचा आहे ना, बघा.

‘दरवेळी का येतो’ याचं उत्तरही अर्धं इथेच आहे. नवा दाखला बनला की ब्राउझरला आधी दिलेली परवानगी त्याला लागू होत नाही, म्हणून लाईट गेल्यानंतर पुन्हा त्रिकोण. उरलेलं अर्धं ब्राउझरमध्ये. क्रोम ही परवानगी साधारण आठवडाभर लक्षात ठेवतो, मग विसरतो. इनकॉग्निटोत उघडलं असेल तर खिडकी बंद होताच विसरतो. फायरफॉक्स सहसा कायमची लक्षात ठेवतो, दाखला बदलेपर्यंत. राउटरचं पान वारंवार लागत असेल तर ते काम फायरफॉक्समध्ये केलेलं सुखाचं, असं माझं मत.

फायरफॉक्सचीही एक खोड आहे. जुना राउटर जळाला, त्याच कंपनीचा तोच नवा आणला, आणि फायरफॉक्स ‘रीयूज्ड इश्युअर अँड सीरियल’ असं काहीतरी म्हणून दारातच अडवतो, पुढे जायचं बटणही देत नाही. दोन डब्यांनी एकाच क्रमांकाचा दाखला दाखवलाय, एवढंच त्याचं म्हणणं. सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली ‘व्ह्यू सर्टिफिकेट्स’ आहे. तिथून जुन्या राउटरची नोंद काढा. घाई असेल तर दुसऱ्या ब्राउझरने काम उरका.

कधी त्रिकोण न येता पान उघडतच नाही. ‘धिस साइट कान्ट प्रोव्हाइड अ सिक्युअर कनेक्शन’ आणि कोडमध्ये ‘व्हर्जन ऑर सायफर मिसमॅच’. हा राउटर म्हातारा झालाय. त्याला सुरक्षित जोडणीची टीएलएस १.० किंवा १.१ एवढीच जुनी भाषा येते, आणि २०२० मध्ये क्रोम ८४ व फायरफॉक्स ७८ पासून ब्राउझरांनी ती बोलणं सोडलं. पत्त्याआधी एचटीटीपी (http://) मुद्दाम लिहून बघा, बरेचदा साधं पान उघडतं. नाही तर कंपनीचं मोबाइल ॲप, किंवा फर्मवेअर अद्ययावत करणं. त्यासाठी नेटवरून कुठलातरी जुना ब्राउझर उतरवून ठेवू नका. फर्मवेअर यायचं बंद झालंय असा राउटर बदललेलाच चांगला, त्याची बाकीची छिद्रंही कोणी बुजवत नाही.

पान अजिबात येत नसेल, फिरतंय फिरतंय आणि बंद, तर फोनचा मोबाइल डेटा बंद करा. वाय-फायला इंटरनेट नसलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर सरकतो आणि घरातला पत्ता बाहेर शोधत बसतो. व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद.

दोन डब्यांची घरं हा आमच्याकडचा खास प्रकार. शहापूर-वडगावातल्या जाड भिंतींच्या जुन्या घरात खालचं वाय-फाय माडीवर पोचत नाही, म्हणून फायबरच्या मोडेमला जोडून वर दुसरा राउटर लावलेला असतो. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ निघाला की भांडण सुरू: कधी याचं पान उघडतं, कधी त्याचं, कधी कोणाचंच नाही, आणि दाखला वेगळा म्हणून त्रिकोण नव्याने. नेट एकदम रखडतं ते वेगळंच. स्वतःच्या राउटरला कॉम्प्युटर केबलने जोडा, मोडेमची वायर तेवढ्यापुरती काढा, आणि लॅनच्या सेटिंगमध्ये त्याचा पत्ता १९२.१६८.५०.१ असा काहीतरी वेगळा करा. ज्यांना माडीवर फक्त सिग्नल वाढवायचाय, त्यांनी दुसऱ्या डब्याला ‘ॲक्सेस पॉइंट’ करून टाकावं.

या गोंधळात कंटाळून लोक रिसेटच्या भोकात पिन घालतात. स्वतः विकत घेतलेल्या दुसऱ्या राउटरला घाला हवी तर. फायबरच्या मोडेमला नको. त्यात तुमच्या जोडणीचं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा आकडा केबलवाल्याच्या पोराने भरलेला असतो. रिसेट केलं की ते सगळं पुसलं जातं, त्रिकोण तिथेच राहतो आणि इंटरनेट जातं. मग तो पोरगा येईपर्यंत वाट बघा. गणपतीच्या दिवसांत तर तो फोनच उचलत नाही, आणि त्याचंही चूक नाही.

काही कंपन्या आकड्याऐवजी लक्षात राहील असं नाव देतात. ते नाव राउटर स्वतःच ओळखून उत्तर देतो. डीएनएस म्हणजे नावावरून आकडा शोधून देणारी सेवा. पण फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ चालू असेल तर प्रश्न राउटरला न विचारता बाहेर जातो आणि उत्तर कुठून येईल ते सांगता येत नाही. २०१६ मध्ये तर टीपी-लिंकच्या राउटरखाली छापलेलं टीपीलिंकलॉगिन डॉट नेट हे डोमेन नूतनीकरणाअभावी कंपनीच्या हातून गेल्याचं उघड झालं होतं. नाव नको, आकडाच वापरा.

जाणकार कोणी म्हणेल, राउटरचा दाखला विंडोजच्या विश्वासू यादीत टाकून द्या, त्रिकोण कायमचा जाईल. जातो खरा. मी मात्र कुणाला तसं करून देत नाही. एसईसी कन्सल्ट या संस्थेने २०१५ मध्ये चार हजारांहून जास्त उपकरणांची फर्मवेअर तपासली, त्यांत मिळून ५८० च्या आसपासच वेगवेगळ्या गुप्त किल्ल्या निघाल्या. म्हणजे एका मॉडेलच्या ढीगभर डब्यांना एकच किल्ली, आणि ती फर्मवेअरमधून काढता येणारी. असला दाखला मुळाशी विश्वासू म्हणून बसवला, तर ती किल्ली ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या कॉम्प्युटरला बँकेचंही खोटं पान खरं म्हणून दाखवू शकतो. महिन्यातून एकदा ‘ॲडव्हान्स्ड’ दाबायचे कष्ट त्यापेक्षा स्वस्त.

आता हात मागे घ्यायच्या जागा. बँक, ईमेल, यूपीआय, सरकारी पोर्टल, कुठल्याही नावाच्या साइटवर त्रिकोण आला तर प्रोसीड नाही. एक निरुपद्रवी शक्यता असते: फायबर बंद असताना काही राउटर कुठलीही साइट उघडली तरी स्वतःचंच ‘नेट नाही’चं पान पुढे करतात, आणि गूगलच्या नावाखाली राउटरचा दाखला दिसतो. तिथेही पुढे जायची गरज नाही. गेटवेचा आकडा टाकून राउटरमध्ये जा आणि लाईनचा लाल दिवा बघा. स्टेशनवर, लॉजवर, दुसऱ्याच्या वाय-फायवर असाल तर टॅब बंद करा.

नेट नीट चालू आहे, घड्याळ बरोबर आहे, घरातल्या सगळ्या फोनांवर बँकेच्या पानावर मात्र त्रिकोण येतोय, तर राउटरमधला डीएनएस कोणीतरी बदललेला असू शकतो. डीएनएसचेंजर नावाच्या व्हायरसने कॉम्प्युटरमधला आणि काही वेळा राउटरमधलाही डीएनएस असाच बदलला होता. अमेरिकेच्या एफबीआयच्या तपासातून त्यामागची टोळी २०११ मध्ये पकडली गेली. राउटरच्या वॅन किंवा डीएचसीपीच्या पानावर डीएनएसचे आकडे बघा. अनोळखी दिसले तर केबलवाल्याला विचारा हे तुमचेच का, नसतील तर बदला आणि लगेच ॲडमिनचा पासवर्डही. पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन, राउटर नंतर.

आणि घरच्या राउटरवरसुद्धा, आकडा जुळतोय पण पान नेहमीपेक्षा वेगळं दिसतंय, वाय-फायने मध्येच पुन्हा पासवर्ड मागितलाय, तर तुमच्या नावाचंच दुसरं वाय-फाय कोणी लावलं नाही ना, ही शंका घ्या. लॅनची वायर थेट राउटरला जोडून पान उघडा. पासवर्ड बदलण्यासारखी कामं मी वायरनेच करायला सांगतो.

एकदा आत शिरलातच तर दोन गोष्टी उरकून घ्या. ॲडमिन-ॲडमिन हा पासवर्ड असेल तर बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्याने) असल्याच कारखान्यातल्या पासवर्डांवर जगभरातली उपकरणं ताब्यात घेतली होती. आणि ‘रिमोट मॅनेजमेंट’ चालू असेल तर बंद करा. काही मोडेमांत हे पर्याय ग्राहकाला दिसतच नाहीत, कारण कंपनी टीआर-०६९ या पद्धतीने दुरूनच ते सांभाळते. तिथे केबलवाल्याला सांगून करून घ्या.

एवढं करूनही अडलं आणि कुणाला विचारायचं असेल, तर नुसतं ‘लाल आलंय’ म्हणू नका. कोडचा फोटो, पत्त्याच्या पट्टीसकट. गेटवेचा आकडा. राउटरचं मॉडेल. आदल्या दिवशी लाईट गेली होती का. आणि डब्याच्या खालच्या स्टिकरचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकणार असाल तर वाय-फायचा पासवर्ड आणि सीरियल नंबर बोटाने झाकून काढा.